फॉरेन्सिक शिकवायचंय ना, मग आधी बघायला शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात बारावीनंतर फॉरेन्सिक सायन्सला कुठे कुठे ॲडमिशन मिळते यावर अर्धं पान आलं होतं. मी सध्या सुट्टीला सांगलीला माहेरी आलेय, सकाळी चहा घेताना ते पूर्ण वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, जमेल तेवढं छापा.

लेख चांगला होता, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी संस्था, गांधीनगरचं विद्यापीठ, कलिन्याची लॅब, सगळं नीट दिलंय, पालकांना उपयोगी पडेल. पण सगळा भर मशीनवर आणि टेस्टवर होता, डीएनए, सायबर, नार्को वगैरे. डोळ्यांनी नीट बघणं आणि जे बघितलं तेवढंच लिहिणं याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, आणि माझ्या मते खरं फॉरेन्सिक तिथूनच सुरू होतं.

माझी ओळख सांगते म्हणजे मी हे का बोलतेय ते कळेल. मी केमिस्ट्रीत एमएस्सी, लग्नानंतर अमेरिकेत गेले, तिकडचं टीचिंगचं सर्टिफिकेट घेतलं आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये सायन्स शिकवते. तिकडे अकरावी-बारावीच्या मुलांना फॉरेन्सिक हा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो, सगळ्या शाळांत नसतो पण बऱ्याच ठिकाणी असतो. (तिकडे शाळेत ‘फॉरेन्सिक्स’ म्हटलं की काही जणांना वादविवाद स्पर्धा वाटते, कारण वक्तृत्वाच्या टीमलाही तेच नाव आहे, दरवर्षी एक-दोन पोरं चुकून माझ्या वर्गात येऊन बसतात.) माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं, टीव्हीवरच्या तपासाच्या मालिका बघून आलेली, पहिल्याच दिवशी विचारतात मॅम रक्त कधी, बोटांचे ठसे कधी. मी सांगते पहिले तीन आठवडे काही नाही, ना मायक्रोस्कोप ना पावडर ना ब्रश. तीन आठवडे आपण फक्त बघायला शिकायचं. तोंडं पडतात, दोघं-तिघं विषय बदलून घेतात, पण मी ते तीन आठवडे कधी सोडलेले नाहीत.

पूर्वी पहिल्या दिवशी मी एक नाटक करायचे. शेजारच्या वर्गाचे सर अचानक दार उघडून येणार, माझ्याशी प्रोजेक्टरच्या केबलवरून वाद घालणार, टेबलावरची पिशवी उचलून निघून जाणार, सगळं मिळून पाऊण मिनिट. मग दहा मिनिटं आम्ही भलतंच काहीतरी बोलायचो आणि मी कागद वाटायचे, आता लिहा काय झालं. ही काही माझी आयडिया नाही, साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये फॉन लिस्ट नावाच्या कायद्याच्या प्रोफेसरांनी आपल्या वर्गात पिस्तुलाच्या भांडणाचं खोटं नाटक घडवून विद्यार्थ्यांच्या साक्षी घेतल्या होत्या आणि एकही साक्ष बिनचूक निघाली नव्हती. पण आता मी तसं करत नाही. अमेरिकेतल्या शाळांत गोळीबाराच्या भीतीने लॉकडाऊनची ड्रिल चालतात, पोरं बेंचाखाली लपायला शिकलेली असतात, एका वर्षी दार जोरात उघडलं तशी माझ्या वर्गातली एक मुलगी थरथर कापायला लागली. त्या दिवसापासून बंद. आता ते सर दार वाजवून हळूच येतात, गुड मॉर्निंग म्हणतात, कपाटातून चार्जर घेतात, काहीतरी पुटपुटतात आणि जातात. गंमत म्हणजे शिकण्याच्या दृष्टीने हे जास्त चांगलं निघालं, कारण खऱ्या आयुष्यात साक्षीदाराला आधी कुणी सांगत नाही की आता महत्त्वाचं घडणार आहे, नीट बघ.

मुलं काय लिहितात बघा. उंची कुणी पाच फूट सहा, कुणी सहा फूट एक. चष्मा होता, नव्हता. शर्ट निळा, राखाडी, चौकडीचा. हे ठीक आहे, हे चुकणारच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. निम्मी मुलं लिहितात ‘ते चिडलेले होते’. मी विचारते, चिडलेले दिसतात म्हणजे नक्की काय दिसतं? मग हळूहळू बाहेर येतं की ते हसले नाहीत, कपाटाचं दार बंद केल्याचा आवाज मोठा आला, जाताना माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे हे तीन तुम्ही बघितलेत आणि ‘चिडले’ हे तुम्ही स्वतः शिजवलंत. कदाचित त्यांची दाढ दुखत असेल. हे एकदा लक्षात आलं की वर्गात एकदम शांतता होते, दरवर्षी होते.

म्हणून माझ्या वर्गात कागदाला तीन रकाने असतात. पहिला, मी पाहिलं किंवा ऐकलं. दुसरा, मला वाटलं. तिसरा, मला माहीत नाही. पहिले दोन मुलं भराभर भरतात, तिसरा रकाना कोराच. त्यांना वाटतं तिथे काही लिहिलं तर मार्क जाणार. मी उलट करते, तिसऱ्या रकान्यात खरेपणाने लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला मार्क देते. ‘त्यांच्या डाव्या हातात काही होतं का ते मला दिसलं नाही, मी खिडकीकडच्या बाजूला होतो’ या वाक्याला माझ्याकडे पूर्ण मार्क. आणि ज्याने न बघता ‘डाव्या हातात घड्याळ’ लिहिलं आणि ते नशिबाने बरोबर आलं, त्याला शून्य. पालकांचे मेल येतात, उत्तर बरोबर असून शून्य का म्हणून. मी प्रत्येकाला फोन करून समजावते, कोर्टात अंदाज बरोबर येण्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजत असतं.

आता हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतेय, तर माझ्या हातून एक चूक झालेली आहे. नोकरीचं माझं दुसरंच वर्ष. लॅबमधला एक महागडा ग्राफिंग कॅल्क्युलेटर सापडेना. मी ऑफिसमध्ये जाऊन सांगितलं की मी अमक्या मुलाला कपाटापाशी उभं असलेलं बघितलं, अगदी ठाम सांगितलं, माझ्या डोळ्यांसमोर चित्र होतं. उंच, काळा मुलगा, राखाडी हूडी. त्याला व्हाइस प्रिन्सिपलने बोलावलं, दप्तर उघडायला लावलं, घरी फोन गेला. दोन दिवसांनी कळलं की कपाटापाशी होता तो दुसराच उंच मुलगा, तशीच हूडी, आणि चोरी तर झालीच नव्हती, दुसऱ्या एका टीचरने कॅल्क्युलेटर परीक्षेसाठी नेला होता आणि वहीत नोंद करायची राहिली होती. मी त्या मुलाची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. त्याने ‘इट्स ओके’ म्हटलं आणि वर्षभर माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. पूर्वी सारखा करायचा.

मी खोटं बोलले नव्हते हेच मला जास्त लागलं. मला खरंच तो दिसला होता. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की याला ‘क्रॉस-रेस इफेक्ट’ असं नाव आहे, दुसऱ्या वंशाच्या माणसांचे चेहरे ओळखताना आपण जास्त चुकतो, यावर गेली पन्नासहून जास्त वर्षं संशोधन चाललंय, आणि आमच्या न्यू जर्सीच्याच सुप्रीम कोर्टाने १९९९ साली सांगितलं होतं की अशी वंशापलीकडची ओळख हाच खटल्याचा मुख्य मुद्दा असेल आणि दुसरा आधार देणारा पुरावा नसेल तर ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांना, हा धोका समजावून सांगावा. पुढे २०११ मध्ये त्याच कोर्टाने ज्यूरीला द्यायच्या सूचनाच बदलायला लावल्या, आता त्यात स्पष्ट सांगतात की माणसाची स्मृती म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डिंग नव्हे. कोर्टाला कळलं, मग शाळेत का नको?

मी मुलांना रोनाल्ड कॉटनची केस शिकवते. १९८४, नॉर्थ कॅरोलिनातलं बर्लिंग्टन गाव. एका कॉलेजच्या मुलीवर रात्री घरात घुसून बलात्कार झाला. ती मुलगी इतकी धीराची की त्या अवस्थेतही तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवला, वाचले तर याला पकडून देईन म्हणून. फोटोंतून तिने कॉटनला ओळखलं, मग ओळख परेडमध्ये ओळखलं, मग कोर्टात. दरवेळी खात्री वाढत गेली. १९९५ साली डीएनए तपासला तेव्हा निघाला दुसराच माणूस, आणि तो दुसरा माणूस मधल्या काळात कोर्टात तिच्यासमोर उभा केलेला होता, तरी तिने त्याला ओळखलं नव्हतं. कॉटन साडेदहा वर्षं आत. तिचा हेतू शंभर टक्के स्वच्छ होता, तरी फोटोत निवडलेला चेहरा खऱ्या आठवणीच्या जागी जाऊन बसला होता. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष सुटलेल्या पहिल्या काहीशे लोकांच्या केसेस बघितल्या तर दहातल्या जवळपास सात केसेसमध्ये साक्षीदाराची चुकीची ओळख हे एक कारण होतं. हा आकडा मी फळ्यावर लिहिते आणि महिनाभर पुसू देत नाही.

प्रश्न कसा विचारला यावर पण किती अवलंबून असतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली, काहींना विचारलं गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा स्पीड किती होता आणि काहींना विचारलं ‘धडकल्या’ तेव्हा किती. नुसत्या ‘आदळल्या’ या शब्दाने स्पीडचा अंदाज वाढला. आठवड्याने विचारलं फुटलेली काच बघितली का, तर ‘आदळल्या’वाल्या पन्नासातल्या सोळा जणांनी हो म्हटलं आणि ‘धडकल्या’वाल्या पन्नासातल्या सात जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. मी वर्गात याचं छोटं रूप करते, एक पिशवी दाखवून ठेवून देते, मग अर्ध्या वर्गाच्या कागदावर ‘पिशवीचा पट्टा कुठल्या रंगाचा होता’ आणि अर्ध्यांच्या ‘पिशवीला पट्टा होता का’. पट्टा नसतोच. पहिल्या गटातली पोरं बिनधास्त काळा, ब्राऊन लिहून मोकळी होतात. आपल्याकडे तर क्रियापदांची चंगळ आहे, गाडीने ठोकलं, उडवलं, चिरडलं, धक्का लागला, घासून गेली, हवालदार यातलं कुठलं वापरून विचारतो त्यावर जबाब फिरणार की नाही तुम्हीच सांगा.

आता पर्सेप्शनबद्दल, म्हणजे डोळ्याला दिसतं आणि मेंदू त्याचं काय करतो याबद्दल. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी एक प्रयोग केला, बॉल पास करणाऱ्या खेळाडूंचा व्हिडिओ, पास मोजायचे, आणि मधूनच गोरिलाच्या ड्रेसमधलं माणूस चालत जातं, निम्म्या लोकांना ते दिसतच नाही. हा व्हिडिओ आता इतका फिरलाय की सगळ्या मुलांना माहीत असतो, त्यामुळे वर्गात दाखवून काही उपयोग नाही, सगळे गोरिलाच शोधत बसतात. मी त्याऐवजी भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवते. काही बोलत नाही. एका वर्षी चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ही तीच मुलं जी तास संपायच्या आधी दहादा तिकडे बघतात. मग त्यांना मी सांगते की २०१३ साली हाच गोरिला छोटा करून फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये घातला आणि चोवीस रेडिओलॉजिस्टना गाठी शोधायला दिल्या तर वीस जणांना तो दिसला नाही, आणि तो गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठा होता. ते डॉक्टर काही कामचुकार नव्हते, गाठीच शोधत होते म्हणून गाठीच दिसल्या.

इकडे आल्यावर मी भाच्यांवर एक प्रयोग केला, तुम्ही पण घरी करून बघा. वीस रुपयांच्या नव्या नोटेच्या मागे कुठलं चित्र आहे? नोट न काढता सांगायचं. पाच जणांपैकी एकालाही आलं नाही, माझ्या भावालाही नाही, आणि त्याचं दुकान आहे, दिवसाला शेकड्याने नोटा हातातून जातात. वेरूळ आहे हो, आपलं वेरूळ! दहाच्या नोटेवर कोणार्क, पन्नासवर हंपी. १९७९ साली अमेरिकेत एक सेंटच्या नाण्यावर असाच प्रयोग झाला होता आणि लोकांना अस्सल नाण्याचं चित्र चुकीच्या चित्रांतून धड निवडता आलं नव्हतं. कारण नाणं ओळखायला तेवढं बारीक बघायची गरजच पडत नाही, रंग आणि आकार पुरतो. हजारदा बघूनही लक्षात राहत नाही हे मुलांना कळलं की ‘मी रोज तिथूनच जातो, मला माहितीये’ असं म्हणणाऱ्या साक्षीदाराकडे ती वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

वासाचा एक तास असतो, तो माझा सगळ्यात लाडका. ॲलर्जीचे फॉर्म बघून छोट्या बाटल्यांत कापसावर वेगवेगळे वास. एकात हिंग. अमेरिकन पोरं लिहितात गॅस लीक, कचरा, कुजलेला कांदा. एक गुजराती मुलगी होती ती वास घेऊन हसली आणि लिहिलं ‘आजीचं स्वयंपाकघर’. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. नाकात गेलं ते एकच, पण ज्याच्या घरी जे असतं तेच त्याला सापडतं. आणि लक्षात घ्या, आजीचं स्वयंपाकघर हे सुद्धा दुसऱ्या रकान्यातलं आहे, पहिल्या रकान्यात फक्त ‘उग्र, नाकाला झोंबणारा, गंधकासारखा’ एवढंच येतं. मुलीला ते पटायला वेळ लागला, तिला वाटलं मी बरोबर ओळखलं तरी मॅम मानत नाहीत.

चित्र बघायचाही तास असतो. येल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात त्वचारोगाचे एक प्रोफेसर आणि म्युझियममधल्या एक बाई मिळून विद्यार्थ्यांना चित्रं बघायला न्यायचे, एकेका चित्रासमोर दहा-पंधरा मिनिटं उभं करायचे, फक्त दिसतं ते सांगा. नंतर बघितलं तर ही मुलं पेशंटचे फोटो बघून जास्त बारकाईने वर्णन करत होती, तो अभ्यास २००१ मध्ये छापून आला. पुढे न्यूयॉर्क पोलिसांनाही असंच म्युझियममध्ये नेऊन शिकवलं गेलं. मी वर्गात राजा रविवर्म्याचं ते वाद्यं घेतलेल्या अकरा बायकांचं चित्र लावते. एकाने चित्राकडे तोंड करून बोलायचं, दुसऱ्याने पाठ करून ऐकत काढायचं. बोलणारा ‘सुंदर साडी’ म्हणाला की काढणारा पेन्सिल धरून बसून राहतो, त्याला काय काढायचं तेच कळत नाही, मग बोलणाऱ्याच्या लक्षात येतं की सुंदर म्हणजे काहीच सांगितलं नाही. मोजायलाही चुकतात, कडेची एखादी हमखास सुटते.

एवढं झाल्यावर मग ठसे. आणि ठसे म्हटलं की मी कॉलर ताठ करून सांगते की फिंगरप्रिंट ब्युरो जगात पहिल्यांदा १८९७ साली आपल्या कलकत्त्यात सुरू झाला आणि ठशांची वर्गवारी करायच्या ज्या पद्धतीला हेन्री साहेबाची पद्धत म्हणतात तिच्यामागचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी सब-इन्स्पेक्टरांचंही होतं. पण लगेच २००४ ची गोष्टही सांगते. माद्रिदमध्ये रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, डिटोनेटरच्या (स्फोट घडवणाऱ्या उपकरणांच्या) पिशवीवरचा ठसा एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या कॉम्प्युटरने ओरेगनमधल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाच्या ठशाजवळचा दाखवला आणि एफबीआयच्या एकामागोमाग एक तज्ज्ञांनी तो त्याचाच आहे म्हटलं, कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही म्हटलं. दोन आठवडे माणूस आत. स्पेनचे पोलीस मात्र आधीपासून नाही म्हणत होते, शेवटी त्यांनी खरा माणूस शोधला आणि एफबीआयला माफी मागावी लागली. मेफिल्डने इस्लाम स्वीकारला होता, आणि शंका आल्यावरही ठसा पुन्हा नीट तपासला गेला नाही यात त्या गोष्टीचाही वाटा असावा असं सरकारी चौकशीतच आलं. नंतर इटियल ड्रोर या संशोधकाने पाच ठसे-तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी ‘जुळतात’ म्हटलेले ठसे परत दिले, पण सांगितलं की हे त्या माद्रिदच्या चुकीचे आहेत. पाचातल्या चौघांनी आपलं मत बदललं. तेच ठसे, तेच डोळे, फक्त कानावर पडलेली गोष्ट वेगळी. मी वर्गात ठशांची एकच जोडी दोन गटांना देते, एका गटाला सांगते आरोपीने कबुली दिलीय, दुसऱ्याला सांगते तो त्या दिवशी परगावी होता. पुढचं मी सांगायला नकोच.

आता आपल्याकडचं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलंय की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी गेलंच पाहिजे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करायचंय. चांगलंच आहे, म्हणूनच तर कोर्सेस वाढतायत. पण जागेवर जाणारा माणूस तिथे पोचल्यावर काय बघतो आणि काय लिहितो हे कुठलं मशीन ठरवणार? आणि फक्त तज्ज्ञच कशाला, आपल्याकडे पंच आहेत की. पंच म्हणजे तुम्ही-आम्ही, रस्त्यावरचा माणूस, बोलावलं की जायचं, बघायचं आणि पंचनाम्यावर सही करायची. माझे काका दोनदा पंच झालेत. पहिल्या वेळी लिहून तयार असलेल्या कागदावर सही केली, वाचलासुद्धा नाही, घाई होती. काही वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं, वकिलाने विचारलं कुलूप कडीला लटकत होतं की खाली पडलं होतं. काका घरी येऊन म्हणाले, मला कुलूप आठवतच नाही गं, मी कागदावरचं आठवून सांगितलं. साधा, सरळ माणूस आहे, कधी कुणाचा रुपया बुडवला नाही, पण न बघितलेलं कुलूप शपथेवर सांगून आला आणि अजून त्याला त्याचं वाईट वाटतं. ‘मला आठवत नाही’ असं कोर्टात म्हणायची त्याला लाज वाटली. आयुष्यात कुणी त्याला सांगितलंच नाही की असं म्हणणं चालतं.

आणि याचं मूळ शाळेत आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्या प्रत्येक प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे असतात. किती सुंदर आहे हे! निरीक्षण वेगळं आणि अनुमान वेगळं, मला तिकडे जे तीन आठवडे समजावत बसावं लागतं ते आपल्या वहीत छापूनच येतं. आणि आपण काय करायचो? आदल्या वर्षीच्या ताईची वही आणून उतरवून काढायचो. मी स्वतः दहावीत ‘द्रावणाचा रंग निळा झाला’ लिहिलंय, प्रयोग केलाच नव्हता. भाचीची वही परवा चाळली, तिचंही तेच चाललंय, बाईंनी फळ्यावर निरीक्षण लिहून दिलं आणि मुलांनी उतरवलं. समजा कुणी पोराने प्रयोग करून लिहिलं की रंग बदलला नाही, तर त्याचे मार्क कापले जातात. म्हणजे जे पोर खरं बघतंय त्याला आपण शिकवतोय की बघू नकोस, पुस्तकात काय आहे ते लिही. मग तेच पोर मोठं होऊन पंच होतं, हवालदार होतं, लॅबमध्ये रिपोर्ट लिहायला बसतं.

शिक्षकांना मी दोष देत नाहीये, साठ-सत्तर मुलांचा वर्ग, लॅबमध्ये चार टेस्ट ट्यूब, पोर्शन संपवायचा, मला सगळं माहितीये, माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. आणि मी महागडं फॉरेन्सिकचं किट आणा असंही म्हणत नाहीये, उलट किट सगळ्यात शेवटी आणा. आठवी-नववीला महिन्यातून एक तास द्या. वहीत निरीक्षणाखाली आणखी एक मथळा घाला, ‘दिसलं नाही किंवा माहीत नाही’, आणि त्याला मार्क ठेवा, मार्क ठेवल्याशिवाय आपल्याकडे काही होत नाही. फळ्यावर निरीक्षण लिहून द्यायचं बंद करा. रंग बदलला नाही लिहिलं तर का बदलला नसेल ते त्या पोराला विचारा, कदाचित आम्ल जुनं असेल, तेही एक शिकणंच झालं. फॉरेन्सिकच्या कॉलेजांनी पहिल्या सेमिस्टरला साक्षीदार कसा चुकतो आणि तज्ज्ञ कसा चुकतो हे आधी शिकवावं, ठशांची पावडर नंतर हातात द्यावी.

मी या महिनाअखेरपर्यंत सांगलीत आहे. सांगली-मिरज, कोल्हापूर, इस्लामपूर, तासगाव कुठल्याही शाळेने बोलावलं, मराठी माध्यम असो की इंग्लिश, तर मी एक तास घ्यायला येईन, काही मानधन नको. मला फक्त कोरे कागद लागतील, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि वर्गात येऊन खडू घेऊन जायला तयार असलेले एक सर. माझा नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय, शाळांनी तिथून घ्यावा. घड्याळाचं मुलांना आधी सांगू नका म्हणजे झालं.

आपली,
एक शिक्षिका
(सध्या मुक्काम सांगली)